पहिल्यांदाच भूगोल शिकवताय? ठाणे-नवी मुंबईतल्या प्राथमिक शिक्षकांसाठी

तिसरी ते पाचवीच्या वर्गावर नव्याने रुजू झालात की वेळापत्रकात ‘भूगोल’ हा शब्द शोधू नका, सापडणार नाही. तो परिसर अभ्यासात मिसळलेला असतो. भूगोलाचं स्वतंत्र पुस्तक मुलांच्या हातात पडतं ते सहावीत. त्यामुळे होतं काय, की दिशा, नकाशा, भूरूपं हे धडे विज्ञान आणि नागरिकशास्त्राच्या मधे कुठेतरी येतात, एक मूल उभं राहून वाचतं, बाकीची बोट ठेवून ऐकतात, प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवली जातात आणि धडा ‘झाला’ अशी नोंद होते. सहावीत मग अक्षांश-रेखांश समोर आले की मुलं गांगरतात. कारण उघड आहे: तीन वर्षं नकाशा पाहिला, पण एकही काढला नाही.

म्हणून माझा आग्रह एकच. नकाशा वाचायला शिकवण्याआधी काढायला शिकवा, आणि पुस्तकातली प्रत्येक संकल्पना आधी चालत जाता येईल अशा अंतरात शोधा. ठाणे आणि नवी मुंबई या बाबतीत श्रीमंत आहेत. खाडी, डोंगर, तलाव, बेट, धरणाचं पाणी, आखीव शहर आणि जुनं गावठाण, सगळं हाताशी आहे. खाली दिलेला क्रम जून ते एप्रिल असा धरून चालला आहे, पण पाऊस, परीक्षा आणि निवडणुकीची कामं यांनी तो विस्कटणारच. विस्कटू द्या. पहिल्या दोन पायऱ्या मात्र गाळू नका.

पायरी पहिली: दिशा

‘उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा, समोर पूर्व…’ हे वाक्य प्रत्येक मुलाला पाठ असतं आणि प्रत्यक्षात त्याचा उपयोग होत नाही. घोडबंदर रोडवर वीस-वीस मजली टॉवरच्या मागे सूर्य केव्हा उगवतो ते कळतही नाही. दुपारच्या अधिवेशनातल्या मुलांचा तर प्रश्नच मिटला. शिवाय सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. एरवी तो सरकत राहतो, आणि आपल्याकडे जून व डिसेंबरच्या शेवटी अगदी पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला असतो.

तेव्हा असं करा. मोबाइलमधल्या होकायंत्राने किंवा प्रयोगशाळेतल्या चुंबकसूचीने तुम्ही स्वतः एकदा उत्तर शोधा. लोखंडी खिडकी, कपाट, गाडी यांच्यापासून लांब उभे राहा, नाहीतर काटा भलतीकडे जातो. मग व्हरांड्याच्या फरशीवर ऑइलपेंटने मोठी खूण करून घ्या. मुख्याध्यापकांना आधी विचारून. वर्गात चारही भिंतींवर दिशांच्या पाट्या लावा. आता महिनाभर बोलण्यात डावी-उजवी वापरायची नाही. ‘पूर्वेकडच्या रांगेने वह्या जमा करा’, ‘उत्तरेची खिडकी लाव’. पहिला आठवडा गोंधळ होतो, नंतर मुलंच तुम्हाला दुरुस्त करू लागतात.

पुढे शहरातल्या मोठ्या खुणा जोडा. ठाण्यातल्या मुलाला येऊरचे डोंगर पश्चिमेला दिसतात आणि खाडी पूर्वेला. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेच्या मुलाला नेमकं उलट: पारसिकचा डोंगर पूर्वेला, खाडी पश्चिमेला. खाडी तीच, दोघांच्या मधे. नवी मुंबईत शिकवत असाल आणि तुम्ही स्वतः ठाण्याहून जात असाल, तर हे वर्गात सांगण्यासारखं आहे. मुलांना आवडतं की बाई रोज खाडीच्या पलीकडून येतात.

ठाणे-पनवेल लोकल हा तर दिशांचा तयार धडा आहे. ठाण्याहून पनवेलकडे जाताना गाडी ऐरोलीनंतर ढोबळमानाने दक्षिणेकडे जाते. गाडीच्या दिशेने तोंड केलं तर डोंगर डाव्या हाताला. परत येताना तोच डोंगर उजव्या हाताला. डोंगर हलला का? नाही, तो पूर्वेलाच आहे. डावी-उजवी माणसाबरोबर फिरते, पूर्व-पश्चिम फिरत नाही, हे या एका उदाहरणात जितकं पक्कं बसतं तितकं दहा व्याख्यांनी बसत नाही. वर्गात खुर्च्यांची गाडी करून दोन्हीकडे तोंड करून बसवा.

एक गैरसमज मुद्दाम शोधून काढा. ‘उत्तर कुठे आहे?’ असं विचारलं की बरीच मुलं पंख्याकडे बोट दाखवतात. त्यांचं काही चुकत नाही. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वरच असते आणि वर म्हणजे छत. यावर उपाय साधा: सुरुवातीचे सहा महिने नकाशा भिंतीवर टांगायचाच नाही. जमिनीवर पसरायचा, त्याची उत्तर फरशीवरच्या उत्तरेशी जुळवायची, आणि मुलांना भोवती बसवायचं. टांगायची वेळ आलीच तर उत्तरेच्या भिंतीवर टांगा.

सावलीचा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करा. मैदानात सरळ काठी रोवा, सव्वाबारा ते एकपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण. सर्वांत आखूड सावली नेमकी उत्तर दाखवते. ती घड्याळातल्या बाराला मिळत नाही, हे मुलांना चक्रावून टाकतं. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे, ठाणे जवळपास ७३ अंशांवर. म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्याशी येतो तो साधारण १२ वाजून २० मिनिटं ते १२ वाजून ५० मिनिटं यांच्या दरम्यान, ऋतूप्रमाणे. चौथीच्या मुलांना हे कारण सांगायची गरज नाही, पण ‘का?’ विचारणारं एखादं निघतंच, त्याच्यासाठी जवळ ठेवा. (शून्य सावलीचा दिवसही आपल्याकडे येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. मे महिन्यात शाळा बंद आणि जुलैत ढग, त्यामुळे शिक्षकाच्या नशिबी तो क्वचितच. या दोन तारखांच्या मधे दुपारची सावली उलटी दक्षिणेकडे पडते, म्हणून जूनमध्ये ऊन पडलं म्हणून हा प्रयोग करायला जाऊ नका.)

पायरी दुसरी: वर्गाचा आराखडा

मुलाला ‘बाक काढ’ म्हटलं तर ते समोरून दिसणारा बाक काढतं, चार पायांसकट. नकाशा मात्र वरून पाहिलेला असतो. ही उडी मोठ्यांना जाणवत नाही, पण नकाशा न समजण्याचं निम्मं कारण इथेच आहे. म्हणून या पायरीवर घाई करू नका.

जुन्या कॅलेंडरचा मागचा कोरा कागद जमिनीवर पसरा. त्यावर डबा, पाण्याची बाटली, कंपासपेटी, डस्टर ठेवा. प्रत्येक वस्तूच्या कडेने पेन्सिल फिरवायला सांगा आणि वस्तू उचलून घ्या. बाटलीच्या जागी गोल उरतो, कंपासपेटीच्या जागी लांबट चौकोन. आता दुसऱ्या गटातल्या मुलाला बोलवा आणि विचारा, कोणती वस्तू कुठे होती? ते वस्तू परत जागेवर ठेवू शकलं की तो नकाशा झाला. हा सगळा खेळ पंचवीस मिनिटांचा आहे, आणि ‘अरे, बाटली वरून गोलच दिसते!’ हे एखाद्याने ओरडून सांगितलं की तुमचं काम झालं.

दुसऱ्या दिवशी काडेपेट्यांचे बाक, खोक्याचं टेबल करून वर्गाची छोटी प्रतिकृती मांडा. प्रतिकृतीत दार आणि फळा खऱ्या दाराच्या आणि फळ्याच्या दिशेलाच हवेत. मग ती पेन्सिलीने कागदावर उतरवा. तिसऱ्या दिवशी मोजमाप. आधी पावलांनी मोजू द्या. एकीची चौदा पावलं, दुसऱ्याची सतरा, तिसऱ्याची बारा, भांडण जुंपतं. जुंपू द्या. ‘मग खरं किती?’ हा प्रश्न मुलांकडून यायला हवा, त्यानंतरच मीटरपट्टी काढायची. गणिताच्या चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे एक मीटर असं ठरवलं की प्रमाण हा अवघड धडा शब्दही न उच्चारता शिकवून होतो.

चिन्हं मुलांनाच ठरवू द्या. कचऱ्याच्या डब्यासाठी नाक दाबलेला चेहरा येईल, बाईंच्या खुर्चीसाठी चष्मा येईल. चालतं. फक्त एक अट: सूची कोपऱ्यात लिहायची आणि एका चिन्हाचा एकच अर्थ. गट बदलून एकमेकांचे नकाशे वाचायला दिले, की सूची कशासाठी असते ते त्यांचं त्यांनाच समजतं.

पायरी तिसरी: फाटकाबाहेर

परिसर फेरीला नवे शिक्षक घाबरतात, आणि रस्त्यांची अवस्था पाहता ते रास्तही आहे. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांची संमतिपत्रं, दर दहा-बारा मुलांमागे एक मोठं माणूस (शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना हाताशी धरा), शिट्टी, आणि आधी स्वतः एकदा चालून पाहिलेला रस्ता. मोठा हमरस्ता ओलांडावा लागत असेल तर मार्ग बदला. फेरी अर्ध्या तासाच्या आत संपवा.

एका फेरीला एकच प्रश्न. ‘परिसराचे निरीक्षण करा’ असं सांगितलं की मुलं कुत्री आणि वडापावची गाडी बघतात. त्याऐवजी विचारा: या रस्त्यावर पडलेलं पावसाचं पाणी कुठे जाईल? बाटलीभर पाणी ओता आणि बघा. उतार, गटार, नाला असा माग काढत जा. ठाण्यात बरेच नाले येऊरकडून खाडीकडे धावतात, नवी मुंबईत पारसिककडून खाडीकडे. वाशी, बेलापूर अशा ठिकाणी सिडकोने बांधलेले धारण तलाव आहेत, ज्यांना सगळे ‘होल्डिंग पाँड’च म्हणतात. हे नोड, म्हणजे सिडकोने आखलेल्या वसाहती, सखल खाजणात भराव घालून वसवले, म्हणून भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आत घुसू नये यासाठी तिथे झडपा आहेत. ओहोटीला साठलेलं पाणी खाडीत जातं. नोड पाण्यापासून वाचवण्यासाठी माणसाने काय केलं, हे एवढं स्वच्छ दाखवणारं उदाहरण पुस्तकात नाही.

नवी मुंबईच्या शिक्षकांसाठी आणखी एक फेरी: सेक्टर आणि गावठाण. सिडकोची स्थापना १९७० ची. तिने आखलेल्या सेक्टरमध्ये रस्ते सरळ, कोपरे काटकोनात, पत्ता आकड्यांचा. शेजारच्या घणसोली गावात, दिवाळ्यात, सारसोळ्यात गल्ल्या वळणाच्या, घरं एकमेकांना खेटून, पत्ता देवळावरून किंवा माणसाच्या नावावरून. दोन्हींचे छोटे आराखडे काढून शेजारी ठेवा आणि मुलांना विचारा, आधी कोण आलं असेल? मग वर्गातल्या आगरी-कोळी घरांतल्या एखाद्या आजी-आजोबांना बोलवा. भातशेती कुठे होती, मिठागर कुठे होतं, होडी कुठवर यायची, हे त्यांच्या तोंडून ऐकताना मुलं ज्या शांततेने बसतात ती तुमच्या तासाला दिसणार नाही. जिताडा आणि निवट्या या माशांच्या दोन नावांवर तर वर्गात चर्चा रंगते.

पायरी चौथी: बेट आणि खाडी

‘बेट म्हणजे काय?’ याचं उत्तर मुलं घडाघडा देतात: चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग. ‘मग तुम्ही कधी बेटावर गेलात का?’ या प्रश्नाला ठाण्यातला अख्खा वर्ग ‘नाही’ म्हणतो. बसलेले असतात बेटावरच.

जुनं ठाणे शहर साष्टी बेटावर आहे. मुंबईची उपनगरंही त्याच बेटावर. हे सांगून टाकू नका, काढून घ्या. जमिनीवर पसरलेल्या नकाशावर ठाणे स्टेशनवर बटण ठेवा आणि मुलांना शहराबाहेर न्यायला सांगा. कळव्याला जायचंय? कळवा पूल. भिवंडीला? कशेळीचा पूल. नाशिककडे? साकेतजवळचा खाडीपूल. घोडबंदरवरून वसईकडे? पुन्हा पूल. मुंबईची दिशा सोडली तर कुठूनही निघा, पाणी ओलांडावंच लागतं. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदी आणि वसईची खाडी. वर्गातली एखादी मुलगी म्हणतेच, “बाई, मग मी कळव्याहून रोज बेटावर येते?” हो, रोज येतेस.

उपग्रहावरून घेतलेलं चित्र दाखवायचं असेल तर इस्रोचं ‘भुवन’ हे संकेतस्थळ मोफत आहे. शाळेत प्रोजेक्टर नसेल तर सायबर कॅफेतून एक रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट करून घ्या, वर्षानुवर्षं टिकतं. मात्र चित्र शेवटी. आधी पूल मोजू द्या.

भरती-ओहोटीसाठी घरची दिनदर्शिका पुरते. कोकण किनाऱ्यावरचे मच्छीमार पिढ्यानपिढ्या वापरतात तो ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे सुमारे तीन वाजता, दिवसाही आणि रात्रीही. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास, आणि त्या दिवशीचं पाणी मोठं, म्हणजे उधाण. शुक्ल आणि कृष्ण पक्ष दोन्हींत मोजणी एकपासून. खाडीच्या आतल्या टोकाला वेळ थोडी मागे पडते. मुलांना पंधरवड्याचा तक्ता करायला द्या आणि वाशीच्या, ऐरोलीच्या किंवा कळव्याच्या पुलावरून जाणाऱ्यांना ‘चिखल दिसला की पाणी?’ एवढीच नोंद करायला सांगा. पाऊणकीचा पाढा कुणाला येत नाही हे ऐनवेळी लक्षात येतं, तेवढा गणिताचा तास उसना घ्या.

खाडीच्या चिखलात मुलांना उतरवू नका. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे सहल न्या. ठाणे खाडीचा भाग २०१५ साली रोहित पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. रोहित म्हणजे फ्लेमिंगो हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असतात, तेव्हा सहल जानेवारी-फेब्रुवारीत ठेवा.

पायरी पाचवी: पाऊस आणि नळ

ही जून-जुलैत करायची, म्हणजे खरं तर सगळ्यात आधी येते; ज्या वर्षी जमेल त्या वर्षी. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा, म्हणजे नरसाळं तयार. बाटलीचा तळ उंचसखल असतो, तिथे खडे घालून सपाट भाग सुरू होतो तिथवर पाणी भरा आणि तो शून्य धरा. बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवा. उघड्यावर, झाडापासून आणि पागोळ्यांपासून दूर ठेवा. रोज सकाळी साडेआठला वाचून पाणी शून्यावर आणा. हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस याच वेळेला मोजतं.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे वाक्य मुलांना दोन-तीनदा सांगा आणि मग शाळेच्या गच्चीवर काल किती बादल्या पाणी पडलं ते काढायला लावा. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. घरी आईवडिलांना त्या दिवसाबद्दल विचारून या म्हटलं की दुसऱ्या दिवशी तास पुरत नाही.

मग प्रश्न: एवढा पाऊस पडतो तर नळाला पाणी ठरावीक वेळीच का? नळाचा माग काढा. ठाणे शहराचं पाणी भातसा आणि उल्हास नद्यांतून, शिवाय एमआयडीसीमार्फत बारवी धरणातून येतं. नवी मुंबईच्या बहुतेक भागाला महापालिकेच्या मालकीच्या मोरबे धरणाचं पाणी मिळतं. ते रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात धावरी नदीवर आहे. भातसा, तानसा ही धरणं शहापूर तालुक्यातली, आणि त्यांचं पाणी मोठ्या प्रमाणावर मुंबईला जातं. त्याच शहापुरात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर फिरतात. हे सांगावं का, असं नवे शिक्षक विचारतात. सांगावं. दहा वर्षांच्या मुलांना न्याय-अन्याय चांगला कळतो.

पायरी सहावी: शहर, तालुका, जिल्हा

‘तू ठाण्यात राहतोस की महाराष्ट्रात?’ तिसरीतली बरीच मुलं एकच निवडतात. बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांना जिनिव्हाच्या मुलांमध्ये हेच आढळलं होतं: एकाच वेळी जिनिव्हाचे आणि स्वित्झर्लंडचे कसे असू शकतो, हे लहान मुलांना पटत नव्हतं. तेव्हा तुमच्या वर्गाची चिंता नको. मैदानात चुन्याने एकात एक वर्तुळं काढा: शाळा, शहर, तालुका, जिल्हा, राज्य, देश. आतल्या वर्तुळात एका मुलीला उभं करा आणि विचारा, ती जिल्ह्याच्या वर्तुळात आहे का? राज्याच्या? मग तिला शहराबाहेर पण जिल्ह्याच्या आत उभं करा. ते म्हणजे मुरबाड किंवा शहापूर. मुलं उड्या मारून खेळतात.

तपशील तुमचे पक्के हवेत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यापासून ठाणे जिल्ह्यात सात तालुके आहेत: ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर. नवी मुंबईतल्या मुलांचा घोळ वेगळा. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची महापालिका ठाणे जिल्ह्यात, आणि लोकलने एक स्टेशन पुढे गेलं की खारघर रायगड जिल्ह्यात. खारघरच्या मुलाला पत्त्यात सगळे ‘नवी मुंबई’च लिहितात, त्यामुळे त्याला आपला जिल्हा ठाणे वाटला तर दोष त्याचा नाही.

शाळेच्या कपाटातले भिंतीवरचे नकाशे वापरण्याआधी तपासा. जिल्ह्याच्या नकाशात डहाणू, जव्हार, वसई दिसत असतील तर तो २०१४ च्या आधीचा. राज्याच्या नकाशात ३६ जिल्हे हवेत, आणि छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं. भारताच्या नकाशात तेलंगण आणि लडाख वेगळे आहेत का ते बघा. जुना नकाशा फेकू मात्र नका. नव्याशेजारी ठेवून ‘काय बदललं?’ हा उत्तम तास होतो. देशाची सीमा दाखवताना भारतीय सर्वेक्षण विभागाचाच नकाशा प्रमाण माना. बाजारातल्या काही पृथ्वीगोलांवर आणि इंटरनेटवरच्या चित्रांत सीमा वेगळी दाखवलेली असते.

पायरी सातवी: पोतं, पेटी आणि घाट

नवी मुंबईला एपीएमसीचा, म्हणजे वाशीच्या घाऊक कृषी बाजाराचा, शेजार आहे, पण ट्रक आणि हमालांच्या गर्दीत वर्ग नेण्याच्या भानगडीत पडू नका. बाजारच वर्गात आणा. भाजीवाल्याकडून, फळवाल्याकडून रिकामी पोती, पेट्या, खोकी मागून घ्या आणि त्यांवरची गावं वाचा. लासलगावचा कांदा, नाशिकची द्राक्षं, देवगड-रत्नागिरीचा हापूस, घोलवडचे चिकू, नागपूरची संत्री, हिमाचल आणि काश्मीरची सफरचंदं. राज्याच्या आणि देशाच्या नकाशावर दोऱ्याने ती गावं वाशीशी जोडा. दोन आठवड्यांत नकाशावर एवढे दोरे होतात की ‘सफरचंद रत्नागिरीत का पिकत नाही?’ हा प्रश्न आपोआप पुढे येतो, आणि हवामान शिकवायची वेळ झाली हे तुम्हाला समजतं.

वर्गात अनेक मुलांचे पालक सातारा, सांगली, पुणे, अहिल्यानगर इथून आलेले माथाडी कामगार किंवा व्यापारी असतात. काही उत्तर प्रदेशातून, काही कर्नाटकातून. ‘तुझं गाव कोणतं?’ हा प्रश्न भूगोलाचा सगळ्यात मोठा साठा उघडतो. मुरबाडहून माळशेज घाटाने जुन्नरकडे गेलेलं मूल सांगतं की अलीकडे भात, पलीकडे बाजरी आणि कांदा. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात, अलीकडेच रिकामे होतात, पलीकडे पर्जन्यछाया. ओल्या मातीचा लांबट ढीग करून, एका बाजूने झारीने पाणी शिंपडून दाखवा. ज्याच्या घरी भाकरी ज्वारीची, ज्याच्या घरी तांदळाची, त्यांना डोंगराच्या योग्य बाजूला उभं करा. एवढं पुरे. ‘प्रतिरोध पर्जन्य’ हा शब्द सहावीनंतरही शिकता येतो.

पृथ्वीगोल

सूर्यमाला आणि पृथ्वीचं फिरणं पाचवीत येतं. गोल वर्गात आणा, पण कपाटावर शोभेला ठेवू नका, मुलांच्या हातात द्या. खोली अंधारी करून विजेरी एका बाजूला धरा, भारतावर टिकली चिकटवा आणि गोल पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवा. उलटा फिरवला तर सूर्य कुठे उगवेल, हे मुलांनाच विचारा. गोलाचा सपाट नकाशा करताना काय बिघडतं ते दाखवायला एक मोसंबं पुरतं: सालीवर पेनाने खंडं काढा, साल अखंड सोला आणि सपाट दाबा. फाटते, ताणते. नकाशावर ग्रीनलंड एवढं अगडबंब का दिसतं, याचं उत्तर तिथेच.

राजधान्या पाठ करून घेण्याबद्दल माझं मत वाईट आहे, पण शिष्यवृत्ती परीक्षेचा रेटा असतो हे मान्य. मग निदान नकाशावर बोट ठेवून पाठ करू द्या. नुसती यादी नको.

तपासायचं कसं

‘व्याख्या लिहा’ टाळा. त्याऐवजी: शाळेत पहिल्यांदाच येणाऱ्या पाहुण्यांसाठी स्टेशनपासून शाळेपर्यंतचा नकाशा काढ. त्यात दिशा आहे का, सूची आहे का, अंतराचा अंदाज आहे का, आणि मुख्य म्हणजे तो घेऊन दुसरं मूल पोहोचू शकेल का, एवढ्यावर गुण द्या. चित्र सुबक नसलं तरी चालेल. सुबक चित्राला गुण देण्याची सवय चित्रकलेच्या तासापुरती ठेवा. हाच नकाशा जूनमध्ये एकदा आणि मार्चमध्ये एकदा काढून घ्या आणि दोन्ही पालकसभेत शेजारी लावा. पालक ‘अभ्यास सोडून फेऱ्याच काढता’ म्हणत असतील तर यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

मे महिन्यात मुलं गावाला जातात. खोपट किंवा वंदनाच्या डेपोतून एसटी सुटते तिथपासून गाव येईपर्यंत खिडकीतून काय दिसलं याची वही प्रत्येकाकडे द्या. चार रकाने आखून: वेळ, ठिकाणाचं नाव (पाटीवरून), शेतात काय आहे, नदी-घाट-बोगदा. मोठं काही लिहायची सक्ती नको, वाटेत झोप लागली तर तेही लिहू दे. जे कुठेच जाणार नाहीत त्यांच्यासाठी लोकलचा एखादा प्रवास किंवा टीएमटीचा एखादा मार्ग चालेल. शाळा जूनच्या मध्याला उघडते. पहिल्या आठवड्यात पुस्तकं अजून पूर्ण वाटून झालेली नसतात, तेव्हा राज्याचा नकाशा जमिनीवर पसरा आणि या वह्या बाहेर काढायला सांगा.